साखळीवाले हान्स रेनॉल्ड



गेल्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्याच्या सायकलची चेन ऐन उतारावर पडली. त्याची सायकल फिक्स्ड गिअरची. तिला फ्रीव्हील नसते. चाक फिरेल तोवर पॅडल फिरणार आणि पायांनी पॅडल रोखले की चाक मंदावणार. हे सारे साखळीच्या जोरावर! पुढचा ब्रेक होता म्हणून निभावले. नवी साखळी शोधताना आम्हाला हान्स रेनॉल्ड यांची ओळख झाली.

रेनॉल्ड यांचा जन्म १८५२ साली स्वित्झर्लंडमधील आराउ येथे झाला. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकून १८७३ साली ते इंग्लंडला आले. म्हणजे तेही आपल्यासारखेच घर सोडून आलेले! १८७९ साली त्यांनी मँचेस्टरशेजारच्या सॅल्फर्डमधील एक छोटा कारखाना विकत घेतला. तेथे कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनत.

त्या साखळ्या लवकर झिजत, कारण पिनेचा सगळा भार पातळ पट्ट्यांच्या कडांवर येई. रेनॉल्ड यांनी पिनेभोवती एक छोटी पोकळ नळी बसवली. तिला बुश म्हणतात. आता भार बुशच्या पूर्ण रुंदीवर पसरला आणि झीज कमी झाली. बुशवरचा रोलर चाकाच्या दातांवर घासत नाही, फिरतो. १८८० साली या साखळीचे पेटंट झाले. पुढे सायकली आणि मोटारसायकलीही अशाच साखळ्यांवर धावल्या.

यंत्राची झीज ओळखणाऱ्या या माणसाने कामगारांचाही विचार केला. १८९६ साली त्यांनी कारखान्यात ४८ तासांचा आठवडा सुरू केला. १९४३ साली त्यांचे निधन झाले.

साखळी निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, रुंदी. दातेरी चाके १/८ इंची असतील तर साखळीही १/८ इंचीच हवी. गिअरच्या सायकलची ३/३२ इंची साखळी त्यांवर बसत नाही. दुसरी, ताण. साखळी ढिली असली की पडते, फार ताणली की जड चालते. तिसरी, झीज. २४ कड्यांची लांबी नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरते. ती १/१६ इंचाने वाढली की साखळी बदलावी.

तेव्हा मुलांनो, या रविवारी फूटपट्टी घ्या आणि आपापली साखळी मोजा. आईबाबांचीही मोजा!