फाळक्यांच्या कॅमेऱ्यापुढील लेकरे

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे चरित्र ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ या एकाच बिरुदाखाली इतक्या वेळा सांगितले गेले आहे की, त्यातील एक घरगुती धागा बहुधा नजरेआड राहतो. लहान मुलाच्या मुद्रेवर क्षणात उमटणारा आणि क्षणात विरणारा भाव यंत्राने धरून ठेवता येईल काय, हा प्रश्न या गृहस्थाने आपल्याच अपत्यांना कॅमेऱ्यापुढे उभे करून सोडविला. प्रस्तुत लेखात तेवढाच धागा हाती घेतला आहे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका शास्त्र्याच्या घरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण व मुद्रणाच्या विविध प्रक्रिया शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. कॅमेरा माणसाचे सत्त्व शोषून घेतो, फोटो काढल्याने आयुष्य घटते, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. १९०० सालच्या प्लेगात त्यांची पहिली पत्नी व मूल दोघेही गेली. प्रतिमा आयुष्य हिरावून नेते म्हणणाऱ्या काळात ज्याचे मूल साथीने नेले, त्याला प्रतिमेचे मोल काय वाटले असेल, याची केवळ कल्पनाच करावी.

त्या काळच्या कौटुंबिक छायाचित्रांत मुले बहुधा मोठ्या माणसांच्या लहान आवृत्त्यांसारखी दिसतात: जरीची टोपी, ताठ मान, निश्चल डोळे. ओल्या काचेच्या पद्धतीत काही सेकंद स्थिर राहावे लागे आणि डोक्यामागे आधाराची दांडी लावीत. पुढे कोरड्या काचा आल्या, वेळ कमी झाला, तरी स्टुडिओच्या मंद उजेडात चुळबुळ्या मुलाचा चेहरा पुसट होण्याची भीती असेच. पाश्चात्त्य देशांतही हीच अडचण होती. डार्विनने १८७२ साली भावाविष्कारावर ग्रंथ लिहिला, तेव्हा रडणाऱ्या बालकांच्या प्रतिमांसाठी त्याला रेलॅण्डर या छायाचित्रकाराचे साहाय्य घ्यावे लागले. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी घरच्याच तान्ह्या मुलीला भरविण्याचे दृश्य हलत्या चित्रात टिपले, तेव्हा ताठ मानेची ती सक्ती प्रथमच संपली.

फाळके त्या मार्गाला लागले ते मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून. १९१२ साली ते इंग्लंडला गेले, हेपवर्थ यांच्याकडे तंत्र पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. पत्नी सरस्वतीबाई तर या उद्योगातील भागीदारच होत्या. चित्रपट तयार होत असता साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत आणि फिल्म धुण्या-जोडण्याचेही काम करीत. स्त्रीभूमिकेला स्त्री मिळेना म्हणून तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली, हे सर्वश्रुत आहे. रोहिदासाची अडचण निराळी होती. ज्याला वनवास भोगायचा आणि मरायचे, अशी भूमिका आपल्या मुलाला देण्यास कोणी आईबाप धजेनात. तेव्हा फाळक्यांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र याला उभे केले.

चरित्रकार सांगतात की, चित्रीकरणाच्या दिवसांत भालचंद्र खेळता खेळता पडला आणि डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला. मंडळी काम थांबवावे म्हणाली. परंतु रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य बाकी होते आणि त्याला निश्चेष्ट मूलच हवे होते. फाळक्यांनी ते दृश्य त्याच अवस्थेत टिपले. ही कथा बहुधा निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती इतक्या सहजपणे पचत नाही. मुलाच्या मुद्रेवर भाव उमटावा म्हणून थांबणे वेगळे आणि भाव नाहीसा झाल्याचा उपयोग करून घेणे वेगळे. हरिश्चंद्राच्या कथेतही बापाला सत्यापायी मुलाच्या प्रेताजवळ उभे राहावे लागते. पण तो ते प्रसंग रचीत नाही, हा भेद विसरता कामा नये.

सहा वर्षांनंतरच्या ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये हाच बाप वेगळा दिसतो. मधल्या काळात १९१७ चे ‘लंकादहन’ गाजले होते आणि नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली होती. ‘श्रीकृष्णजन्मा’प्रमाणे येथेही बाळकृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी. चित्रपट एकदम गोकुळात सुरू होत नाही. सात वर्षांच्या एका मुलीने केलेला मुद्राभिनयाचा अभ्यास अशी पाटी येते आणि मंदाकिनीचा चेहरा जवळून दिसतो. त्यावर एकामागून एक भाव येतात, जातात; मग त्या मुलीच्या जागी कृष्णाच्या वेषातील तीच मुलगी हळूहळू प्रकटते.

भरतापासून चालत आलेला भावांचा विचार आणि घरच्या मुलीचा फोटो येथे एकत्र आले आहेत. भक्तिसाहित्याच्या अभ्यासकाला तर हा प्रारंभ फारच बोलका वाटावा. सूरदासाच्या परंपरेत किंवा श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’त वात्सल्याचा आधार हाच की, देव आपल्या घरातल्या मुलासारखा दिसतो. फाळके आधी मूल दाखवितात, मग देव. प्रेक्षकाला फसवावयाचे नाही, त्याच्या डोळ्यांदेखत लेकीचा कृष्ण करावयाचा, असा हा सरळ व्यवहार आहे. मूल येथे शुद्धीवर आहे, खेळात सामील आहे, आणि कॅमेरा त्याच्या वेगाने चालतो. या प्रारंभीच्या काही क्षणांना मी त्यांच्या चमत्कृतिदृश्यांहून वरचे स्थान देईन.

पुढचे चरित्र लवकर सांगता येते. कंपनीतील मतभेद, काशीतील वास्तव्य, तेथे लिहिलेले ‘रंगभूमी’ नाटक, पुन्हा नाशिक, बोलपटांचा उदय, आणि १९३७ चा अखेरचा ‘गंगावतरण’. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो.

चित्रपटांपैकी फारच थोडे उरले. ‘राजा हरिश्चंद्रा’ची जी रिळे आज पाहावयास मिळतात ती १९१३ ची नसून १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर बेशुद्ध भालचंद्राचा तो चेहरा आता कोणालाच दिसणार नाही. ‘कालियामर्दना’चा मात्र बराच मोठा भाग शिल्लक आहे आणि मंदाकिनीची मुद्रा त्याच्या आरंभीच आहे.