चाकांना वळण लावणारा अ‍ॅकरमन

आमच्या नेरडीगोंड्यावरून जाणारा हमरस्ता दक्षिणेस निर्मळवरून हैदराबादेस व उत्तरेस आदिलाबादवरून नागपुरास जातो. त्याच्या कडेला टायर दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने आहेत, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. गतवर्षी आम्ही काही शिक्षक भाड्याच्या जीपमधून कुंटाल्याचा धबधबा पाहावयास निघालो असता, जीप एकसारखी एका बाजूस ओढू लागली. म्हणून चालकाने ती अशाच एका दुकानापाशी उभी केली. पुढील दोन्ही टायर सहाच महिन्यांपूर्वी नवे घातलेले होते. तथापि त्यांच्या बाहेरच्या कडा तळहातासारख्या गुळगुळीत झालेल्या, आणि आतल्या कडेवरची नक्षी मात्र जशीच्या तशी! चालक टायर विकणाऱ्यास दोष देऊ लागला.

वृद्ध मिस्त्रीने त्याकडे लक्ष दिले नाही. त्याने टायरवरून आडवा हात फिरविला व आम्हांसही फिरवावयास सांगितले. एका दिशेने हात सहज सरकला, उलट दिशेने मात्र करवतीच्या दातांसारखे काही बोटांस बोचले. चाक वाकडे चालत असल्याची ती खूण होती. मग त्याने एका काठीने दोन्ही पुढच्या चाकांमधील अंतर पुढून मोजले आणि मागून मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी असणे बहुतेक जीपगाड्यांना योग्यच असते. येथे ते फारच कमी भरले. दोन्ही चाके तोंडे आत करून धावत होती आणि त्यामुळे त्यांच्या बाहेरच्या कडा झिजत होत्या. चाके जोडणाऱ्या दांड्याचा सांधा ढिला झाला होता. नवे टायर घालून हा रोग जाणारा नव्हता.

काम करता करता मिस्त्रीने आम्हांस टायर वाचावयास शिकविले. हवा कमी असल्यास दोन्ही कडा झिजतात, अधिक असल्यास मधला पट्टा झिजतो. चाक उभे न राहता कलते राहिले, तर त्याची एकच कड गुळगुळीत होते. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले तर धक्के शोषणारा भाग निकामी झाला असावा, अथवा चाकाचा तोल बिघडला असावा. मात्र सरळ रस्त्यावर सारे ठीक असून वळणावर टायर किंचाळत असतील, तर चाकांच्या मागे तिरकस बसविलेल्या भुजा वाकल्या आहेत काय ते पाहावे. त्या तिरकसपणाला त्याने आपल्या उस्तादाकडून ऐकलेला शब्द वापरला : अकरमान.

हा शब्द ऐकून आम्ही चपापलो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रांशी आमचा संबंध बेताचाच. परंतु अ‍ॅकरमन हे नाव आम्हांस ठाऊक होते ते लंडनच्या एका चित्रविक्रेत्याचे. सुंदर रंगीत चित्रे छापणाऱ्या त्या गृहस्थाचा जीपच्या चाकाशी काय संबंध? परत आल्यावर आम्ही शोध घेतला, आणि मनुष्य एकच निघाला!

रुडॉल्फ अ‍ॅकरमन याचा जन्म सॅक्सनीमधील श्टॉलबर्ग येथे २० एप्रिल १७६४ रोजी झाला. त्याचा बाप घोड्यांची खोगिरे करणारा कारागीर होता. मुलाने थोडे शिक्षण घेतले, बापाच्या हाताखाली चामड्याचे काम केले, आणि पुढे गाड्यांची चित्रे रेखाटण्याची विद्या संपादन केली. त्या काळी श्रीमंतांच्या बग्ग्या म्हणजे चाकांवरचे महालच असत. त्यांचा आकार व नक्षी आधी कागदावर काढून देणारे स्वतंत्र चित्रकार असत. जर्मनीतून पॅरिस व तेथून लंडन असा प्रवास करीत हा तरुण विशीतच इंग्लंडात पोहोचला आणि तेथेच स्थायिक झाला. पुढे १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन धारातीर्थी पडला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेच्या रथाचे काम अ‍ॅकरमनकडेच आले.

स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावरील त्याचे दुकान लंडनचे एक आकर्षण होऊन बसले. तेथे चित्रे, रंग व कागद विकले जात, चित्रकलेचे वर्गही चालत. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळे परागंदा झालेल्या अनेक खानदानी स्त्रीपुरुषांना त्याने शोभेच्या वस्तू बनविण्याचे काम दिले. १८०९ पासून त्याने काढलेले सचित्र मासिक सुमारे वीस वर्षे चालले. दगडावरून छपाई करण्याच्या नव्या कलेचा इंग्लंडात प्रसार करणाऱ्यांत तो अग्रणी होता. त्या कलेचा जनक सेनेफेल्डर याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्यानेच १८१९ मध्ये प्रसिद्ध केले. याच शिळाछापाने मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, हे ध्यानी घेता या गृहस्थाचा व्यवसाय आपल्याला अगदीच परका वाटू नये. १८२२ च्या अखेरीस त्याने गोष्टी, कविता व चित्रे यांचे एक देखणे वार्षिक काढले. इंग्रजीतील वाङ्मयीन वार्षिकांचा पायंडा त्यानेच पाडला. म्हणजे प्रस्तुत अंकासारख्या वार्षिकांचाही तो दूरचा पूर्वज ठरतो!

१८१३ साली लाइपझिगच्या लढाईने त्याच्या जन्मभूमीची राखरांगोळी झाली. अ‍ॅकरमनने लंडनमध्ये निधी उभारण्यासाठी अहोरात्र खटपट केली. पार्लमेंटनेही त्या कार्यास एक लाख पौंड दिले.

आता चाकांकडे वळू. बैलगाडीस दोन चाके असतात व ती आपापली फिरतात. वळावयाचे काम बैल करतात. चार चाकांच्या गाडीची गोष्ट निराळी. जुन्या बग्गीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरत असे. वळण घट्ट असले की आस तिरका होऊन चाक गाडीच्या पोटाखाली शिरे. म्हणून गाडीचे अंग उंच ठेवावे लागे अथवा पुढची चाके लहान करावी लागत. आस वळताच पुढच्या बाजूचा आधार अरुंद होई, आणि गाडी कलंडण्याचे भय असे.

म्युनिकमधील गेऑर्ग लांकेनश्पेर्गर हा बव्हेरियाच्या राजदरबारचा गाडीकार. त्याने १८१६ च्या सुमारास यावर तोड काढली. आस जागच्या जागी पक्का ठेवावयाचा, आणि त्याच्या दोन टोकांशी प्रत्येक चाकास स्वतःच्या लहानशा खिळीवर वळू द्यावयाचे. दोन्ही चाके एका दांड्याने जोडावयाची. या युक्तीचे इंग्लंडातील हक्क त्याच्या वतीने अ‍ॅकरमनने १८१८ साली नोंदविले. नोंद अ‍ॅकरमनच्या नावे झाली आणि नाव त्याचेच चिकटले!

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. अ‍ॅकरमनने कोणाची चोरी केली असे म्हणता येत नाही. परदेशी कारागिराचे हक्क स्थानिक मध्यस्थाच्या नावे नोंदविण्याची त्या काळी रीतच होती. शिवाय तो स्वतः गाड्यांचा जाणता होता आणि त्याने या युक्तीचा पुरस्कार करणारी पुस्तिकाही १८१९ मध्ये छापली. तरीही सारे जग ज्याला अ‍ॅकरमनची रचना म्हणते, त्यात लांकेनश्पेर्गरचे नाव कोठेच नाही, ही गोष्ट मनास लागते. त्याच्याही आधी, १७६० च्या सुमारास, इंग्लंडातील एक वैद्य इरॅस्मस डार्विन, म्हणजे सुप्रसिद्ध चार्ल्स डार्विनचे आजोबा, यांनी स्वतःच्या गाडीला अशीच रचना करून घेतली होती. मात्र त्यांनी हक्क नोंदविले नाहीत.

या युक्तीतील गंमत विद्यार्थ्यांनी कागदावर आकृती काढून पाहावी. गाडी वळताना तिची चारही चाके एकाच बिंदूभोवती फिरली पाहिजेत. तो बिंदू मागच्या आसाच्या वाढविलेल्या रेषेवर असतो. समजा, पुढच्या व मागच्या आसांत २.४ मीटर अंतर आहे, पुढच्या दोन खिळ्यांत १.२ मीटर आहे, आणि तो बिंदू आतल्या बाजूस ४.८ मीटरवर आहे. मग आतले चाक सुमारे साडेसव्वीस अंश वळावे लागते आणि बाहेरचे केवळ बावीस अंश. दोन्ही सारखीच वळविली, तर एक तरी रस्त्यावरून घासत जाणारच. भुजा तिरकस बसविल्या की हा फरक आपोआप साधतो. ही तिरकस मांडणी पुढे १८७८ साली पॅरिसच्या जाँतो नामक गाडीकाराने अधिक नेमकी केली.

लंडनच्या गाडीकारांनी मात्र अ‍ॅकरमनची रचना फारशी उचलली नाही. घोड्याच्या संथ चालीत लोखंडी धाव थोडी घासली तरी ती सहन करी. डनलॉपने १८८८ साली हवेच्या रबरी टायरचा हक्क नोंदविला आणि कार्ल बेंझने १८९३ साली आपल्या मोटारीसाठी हीच स्वतंत्र चाकांची रचना स्वीकारली, तेव्हा तिचे खरे मोल कळले. रबर काही क्षमा करीत नाही. जाण्याच्या दिशेपासून एकच अंश वाकडे राहिलेले चाक किलोमीटरमागे सुमारे १७ मीटर आडवे फरफटते. शंभर किलोमीटरांत पावणेदोन किलोमीटर! आमच्या जीपचे टायर सहा महिन्यांत कां संपले, याचे उत्तर या आकड्यात आहे. आम्ही मूळचे समुद्रकाठचे. होडी आडवी सरकली तरी पाणी तिला काही करीत नाही, म्हणून असला हिशेब आम्हांस कधी सुचला नव्हता.

अ‍ॅकरमनला हे वैभव पाहावयास मिळाले नाही. १८३० साली त्यास अर्धांगाचा झटका आला आणि ३० मार्च १८३४ रोजी लंडनजवळील फिंच्ली येथे त्याचा अंत झाला.

त्यानंतर एकदा त्या दुकानावरून जाताना आम्ही मिस्त्रीस ही सारी हकीकत सांगितली आणि खरा कर्ता म्युनिकचा लांकेनश्पेर्गर होता हेही सांगितले. त्याने ते नाव दोनदा उच्चारून पाहिले, ते काही जमेना. मग त्याने पान्हा उचलला व अकरमानच बरा असे म्हणून तो पुन्हा गाडीखाली शिरला.