मैदानात उभे राहणारे डॉन बॉस्को



स्मरणिकेसाठी आठवणी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी दुसराच विषय मागून घेतला. डब्यांच्या, सहलींच्या आणि स्नेहसंमेलनाच्या आठवणी माझ्यापेक्षा छान लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. मला लिहायचं होतं ते तसबिरीतल्या त्या हसऱ्या धर्मगुरूंबद्दल. दहा वर्षं आपण त्यांच्यासमोरून जिना चढलो-उतरलो. ३१ जानेवारीला त्यांच्या नावाने खेळलो, खाऊ खाल्ला. ‘डॉन’ या शब्दावर तोंड दाबून हसलो, कारण आपल्याला माहीत असलेला डॉन सिनेमातला होता. इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात, एवढं सिस्टरांनी सांगितलं होतं. आपल्यातल्या बहुतेक जणी ख्रिस्ती नव्हत्या, त्यामुळे त्यापुढे फारशी चौकशी आपण केली नाही.

त्यांचं चरित्र मी नीट वाचलं ते चाळिशीत. सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या हाताखाली नुकती पदवी घेतलेली मुलंमुली येतात आणि त्यांना शिकवायचं कसं, हा माझा रोजचा प्रश्न आहे. शिवाय एक जुनं कुतूहल होतंच: मधल्या सुटीत आपल्या सिस्टर ऑफिसात न बसता मैदानात का असायच्या? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या चरित्रात सापडलं, आणि पहिल्याचंही बरंचसं.

जोव्हानी बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५चा, उत्तर इटलीतल्या पीडमॉन्ट भागात, बेक्की नावाच्या छोट्या वस्तीवर. घर शेतकऱ्याचं. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील न्यूमोनियाने गेले. आई मार्गेरिता, म्हातारी सासू, मोठा सावत्र भाऊ आंतोनियो आणि सख्खा भाऊ जुझेप्पे, असा संसार आईच्या अंगावर पडला. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. धाकट्याला मात्र शिकायचं होतं, आणि शेतात राबणाऱ्या आंतोनियोला घरात पुस्तक दिसलं तरी राग यायचा. भांडणं इतकी वाढली की आईने या मुलाला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवलं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. जवळजवळ दोन वर्षं तो तिथे राबला. पुढे कालोस्सो नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला शिकवायला घेतलं, तर १८३० साली तेही अचानक वारले. वडील गेलेला आणि पाठीशी उभा राहिलेला एकमेव मोठा माणूसही गमावलेला मुलगा काय असतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं.

नवव्या वर्षी त्यांना एक स्वप्न पडलं होतं आणि ते त्यांनी आयुष्यभर जपलं. मैदानात मुलांचा घोळका शिव्या देत मारामारी करतो आहे, हा मुलगा मुठी वळून त्यांच्यावर धावून जातो, आणि कुणीतरी त्याला थांबवून सांगतं की ही मुलं माराने जिंकायची नसतात, प्रेमाने आपलीशी करायची असतात. स्वप्नाचा अर्थ लगेच कळला नसला तरी पोरं जमवायची हातोटी त्यांच्यात लहानपणापासून होती. जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बघून ते दोरीवर चालायला आणि हातचलाखीला शिकले. बेक्कीच्या कुरणात ते खेळ करायचे, पण तिकीट म्हणून आधी सगळ्यांना प्रार्थना म्हणायला लावायचे.

पुढे किएरी गावात शिकताना पोटासाठी त्यांनी मिळेल ते काम केलं. कॉफीच्या दुकानात पोऱ्या म्हणून राहिले, मिठाई करायला शिकले. ५ जून १८४१ रोजी तुरिन शहरात ते धर्मगुरू झाले.

ते तुरिन कसं होतं, हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. शहर झपाट्याने वाढत होतं. बांधकामं चालू होती आणि डोंगराळ खेड्यांतून मुलं कामाला येत होती. गवंड्यांच्या हाताखाली, चिमण्या साफ करायला, फरशा घासायला. दहा-बारा वर्षांची पोरं, ना घर, ना शाळा, ना रविवारी जायला जागा. त्यांचे गुरू डॉन काफास्सो यांनी त्यांना शहरातल्या तुरुंगांत नेलं. तिथे बारा ते अठरा वर्षांची मुलं कोंडलेली होती. धडधाकट, हुशार, पण उवांनी भरलेली आणि उपाशी. डॉन बॉस्कोंना सगळ्यात जास्त एक गोष्ट टोचली. सुटलेली मुलं थोड्याच दिवसांत पुन्हा तिथेच दिसत. बाहेर त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. तुरुंगात येण्याआधी कुणी भेटलं असतं तर ही मुलं आत आलीच नसती, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. त्यांचं पुढचं सगळं काम या एका विचारातून निघालं.

८ डिसेंबर १८४१. चर्चमध्ये मिस्सेची तयारी चालली होती. थंडीने आत शिरलेल्या एका पोराला मिस्सेत मदत करता येत नाही म्हणून सेवेकऱ्याने बडवून हाकललं. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावलं. बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, गवंडीकाम करणारा, आईबाप गेलेले, अक्षरओळख नाही. काय येतं, काय येत नाही, असं विचारता विचारता शीळ वाजवता येते का, असं त्यांनी विचारलं आणि पोरगा पहिल्यांदा हसला. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. सलेशियन परंपरेत हाच त्यांच्या कामाचा पहिला दिवस मानतात.

मुलं वाढत गेली आणि जागा मिळेना. गोंगाट होतो म्हणून एका चर्चने नको म्हटलं, दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्यांनी तक्रार केली, शेवटी भाड्याचं कुरणही सुटलं. शहराच्या अधिकाऱ्यांना एवढी पोरं एकत्र जमणं धोक्याचं वाटत होतं. डॉन बॉस्को ज्या बाईंच्या मुलींच्या संस्थेत पगारी धर्मगुरू होते, त्या बारोलोच्या उमरावबाईंनी नोकरी किंवा ही पोरं यातलं एक निवडायला सांगितलं. त्यांनी पोरं निवडली. त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं ठरवून दोन धर्मगुरू त्यांना बग्गीतून वेड्यांच्या इस्पितळात न्यायला आले. डॉन बॉस्कोंनी आधी त्या दोघांना आत बसवलं, दार लावलं आणि बग्गी एकटीच रवाना केली. हा किस्सा त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

१८४६च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक ठेंगणी शेड मिळाली. त्याच उन्हाळ्यात श्रमाने ते मरणाच्या दारात जाऊन आले. बरे झाल्यावर ३ नोव्हेंबरला ते वाल्दोक्कोला परतले ते आईला सोबत घेऊन.

या आईबद्दल थांबून लिहायला हवं, कारण तसबिरीत ती नसते. मार्गेरिता तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. नातवंडांत रमायच्या वयात ती परक्या शहरातल्या गरीब वस्तीत आली. लग्नातला कपडालत्ता आणि किडुकमिडुक तिने मोडलं. आसरा दिलेल्या पहिल्या मुलांनी रात्रीत चादरी-घोंगड्या घेऊन पोबारा केला. तरी १८४७ साली पावसात भिजून आलेल्या एका अनाथ पोराला तिने चुलीशी बसवून जेवू घातलं आणि स्वयंपाकघरातच त्याचं अंथरूण घातलं. पुढे पोरांनी तिचा भाजीचा वाफा खेळता खेळता तुडवला तेव्हा मात्र ती घरी परत जायला निघाली होती. मुलाने भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवलं, आणि ती राहिली. १८५६मध्ये ती गेली ती वाल्दोक्कोमध्येच. डॉन बॉस्कोंच्या पद्धतीला घरासारखी पद्धत म्हणतात. ते घर दहा वर्षं तिने चालवलं.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात आवडला तो त्यांचा व्यवहारीपणा. रात्रशाळा तर त्यांनी चालवल्याच. पीडमॉन्टमध्ये १८५०पासून दशमान मापं सक्तीची होणार होती. नवी मापं कळली नाहीत तर कामकरी मुलं बाजारात आणि मजुरीत फसवली जाणार, म्हणून १८४९मध्ये त्यांनी दशमान पद्धतीवर सोपं पुस्तक लिहिलं आणि त्यावर मुलांसाठी संवादही रचले. कामावर जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी मालकांशी लेखी करार केले. असा १८५२ सालचा एका सुताराबरोबरचा करार आजही जपून ठेवलेला आहे. मुलाला कला शिकवायची, चुकला तर शब्दांनी समजवायचं, मारायचं नाही, सणावारी मोकळं सोडायचं. खाली मालकाची, मुलाची आणि हमीदारांची सही. १८५३पासून त्यांनी स्वतःचेच कारखाने काढले: आधी बूट आणि शिवणकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई, लोहारकाम. पैसा कधीच पुरला नाही. लॉटऱ्या काढल्या, दारोदार मागितलं, कर्ज काढलं.

१८५४मध्ये तुरिनला कॉलरा आला तेव्हा त्यांच्याकडची चव्वेचाळीस मुलं रोग्यांच्या सेवेला गेली. ज्यांना शहर गुंड समजत होतं, त्यांच्यातलीच ही मुलं. एकालाही लागण झाली नाही.

त्यांच्या शिकवण्याला प्रतिबंधक पद्धती म्हणतात. १८७७मध्ये त्यांनी ती थोडक्यात लिहून काढली. एक रीत अशी की नियम सांगायचे आणि मोडले की शिक्षा करायची. यात शिक्षकाला फारसे कष्ट नाहीत. दुसरी रीत अशी की मुलांच्या सतत सोबत राहायचं, म्हणजे चूक व्हायच्या आधीच आधार मिळतो. त्यासाठी तीन गोष्टी: समजुतीने बोलणं, श्रद्धा आणि माया. माया नुसती असून भागत नाही, ती मुलांना कळली पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. ती कळण्याची जागा म्हणजे खेळाचं मैदान. वर्गात शिक्षक शिक्षकच असतो, मैदानात तो आपला माणूस होतो. मधल्या सुटीतल्या सिस्टरांचं कोडं इथे उलगडलं. आपण समजत होतो की त्या लक्ष ठेवायला उभ्या आहेत. लक्ष होतंच, पण त्या आपल्यासाठी उपलब्ध होत्या, आणि ती त्यांच्या संस्थेची शिकवण्याची रीत होती.

१८ डिसेंबर १८५९ रोजी बहुतांशी स्वतःच्याच तरुण विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी सलेशियन संघ सुरू केला. मुलींसाठीचं काम आलं ते दुसऱ्या एका बाईमुळे. मोर्नेसे गावची मारिया मझारेलो, आपल्या मदर मझारेलो. मळ्यात पुरुषाच्या बरोबरीने काम करणारी ही मुलगी १८६०मध्ये आजारी नातेवाइकांची सेवा करताना स्वतः टायफसने अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा शेतकामाची ताकद उरली नव्हती. मग ती मैत्रिणीबरोबर शिवण शिकली आणि गावातल्या मुलींना शिकवू लागली. लिहायला ती मोठेपणी शिकली. ५ ऑगस्ट १८७२ रोजी तिने आणि दहा जणींनी व्रतं घेतली. गावकऱ्यांनी घाम गाळून मुलग्यांच्या शाळेसाठी बांधलेली इमारत या सिस्टरांना दिली गेली, म्हणून गाव चांगलंच रागावलं होतं. मुलींच्या शाळेला पहिल्याच दिवशी असा विरोध झाला होता. १८८१मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी ती गेली, म्हणजे आपल्यातल्या कित्येक जणींच्या आजच्या वयात. तिच्या संघाच्या सिस्टर १९२२मध्ये भारतात, तंजावरला आल्या. सलेशियन फादर त्याआधी १९०६मध्ये तिथेच आले होते.

शेवटी एक प्रसंग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८८४चा मे महिना. डॉन बॉस्को रोममध्ये होते, थकलेले, पाय सुजलेले, दृष्टी अधू. त्यांचं काम दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचलं होतं. वाल्दोक्कोच्या शेडच्या जागी मोठमोठ्या इमारती उभ्या होत्या. आणि तिथून त्यांनी आपल्याच घराला एक दुःखाचं पत्र पाठवलं. त्यात त्यांनी स्वप्नात दिसलेली दोन मैदानं मांडली. जुन्या मैदानात शिक्षक मुलांमध्ये धावत होते. नव्या मैदानात मुलं कंटाळून भिंतीला टेकली होती आणि शिक्षक आपापसात बोलत लांब उभे होते. इमारत होती, शिस्त होती, अभ्यास चालू होता. सोबत सुटली होती. आयुष्यभराची कमाई डोळ्यांसमोर विरताना बघून त्यांनी कुणाला दोष दिला नाही, पुन्हा मैदानात उतरा एवढंच मागितलं. ३१ जानेवारी १८८८च्या पहाटे ते गेले. १९३४मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं.

आपण या संमेलनाच्या निमित्ताने शाळेसाठी निधी जमवतो आहोत. जमवायलाच हवा, संगणक कक्षाला त्याची गरज आहे. पण संगणकांवर पोट भरणारी मी एवढं सांगू शकते की यंत्र बसवायला एक दिवस लागतो आणि मुलीला त्याची भीती जायला शेजारी बसणारं माणूस लागतं. म्हणून माझी विनंती आहे. आपल्यातल्या ज्या जवळपास राहतात त्यांनी महिन्यातला एक शनिवार शाळेला द्यावा. कुणी हिशेब शिकवेल, कुणी शिवण, कुणी नुसती गप्पा मारेल. मी माझं नाव कार्यालयात दिलं आहे. वही तिथे ठेवली आहे, माझ्या नावाखाली जागा आहे.