सुंदर गाडीखालचा तेलाचा डाग

जॅग्वार ई-टाइपचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. लांबलचक नाक, मागे सरकलेली छोटी केबिन आणि कुठेही न अडखळणारी रेष. बघणारा आधी समोरून बघतो. पण जुन्या ई-टाइपचा मालक मात्र सकाळी गॅरेजमध्ये गेला की पहिल्यांदा मागे जातो आणि वाकून जमीन बघतो. तेलाचा डाग आहे का?

असेल, तर बहुधा डिफरन्शियलचं ऑइल सील गेलंय. हे सील म्हणजे तळहातावर मावेल अशी एक रिंग. बाहेरून धातू, आत रबराची ओठासारखी कड आणि ती कड शाफ्टवर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग. गाडीच्या मानाने किंमत अगदीच किरकोळ. पण ते नीट बदलायचं, तर गाडीचा मागचा सगळा सांगाडा खाली उतरवावा लागतो! इतक्या देखण्या गाडीत इतकी गैरसोय का, हे समजायचं असेल तर ती गाडी ज्यांच्या कंपनीतून बाहेर पडली, त्या सर विल्यम लायन्स यांची गोष्ट माहीत हवी.

विल्यमचा जन्म ४ सप्टेंबर १९०१ चा, इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावातला. वडिलांचं वाद्यांचं दुकान होतं. मुलाचं मन मात्र मोटारसायकलींत. वडिलांनी त्याला मँचेस्टरच्या क्रॉसली मोटर्समध्ये उमेदवारीला लावून दिलं, पण तिथे तो फार काळ रमला नाही. परत येऊन गाड्या विकायला लागला. म्हणजे बघा, हा माणूस शिकून-सवरून झालेला इंजिनीअर नव्हताच. गिऱ्हाइकाची नजर कशावर खिळते, हे त्याला दुकानात उभं राहून कळलं होतं.

शेजारी विल्यम वॉम्सली नावाचा तरुण मोटारसायकलीला जोडायच्या साइडकार बनवायचा. चकचकीत ॲल्युमिनियमच्या, बघत राहावं अशा. लायन्सनी आधी एक विकत घेतली आणि मग थेट भागीदारीच मांडली. वय अवघं एकवीस! दोघांच्या वडिलांनी बँकेला हमी दिली, एक हजार पौंड उभे राहिले आणि १९२२ मध्ये स्वॉलो साइडकार कंपनी सुरू झाली.

१९२७ मध्ये त्यांनी साध्या, स्वस्त ऑस्टिन सेव्हन गाडीवर स्वतःची देखणी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. आतली यंत्रणा दुसऱ्याची, रूप यांचं. मागणी इतकी वाढली की पुढच्याच वर्षी कंपनी मोटारींचं शहर असलेल्या कॉव्हेंट्रीला हलली. १९३१ मध्ये एसएस-वन आली. या गाडीचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. लायन्स अपेंडिक्सच्या दुखण्याने हॉस्पिटलात होते. आत बसणाऱ्याचं डोकं छताला लागू नये म्हणून तेवढ्यात वॉम्सलींनी छत थोडं वर उचललं. सोयीचा विचार केला तर अगदी रास्त. पण बाहेर आल्यावर गाडीची बिघडलेली रेष बघून लायन्स वैतागले. रूप की सोय, हा झगडा त्यांच्या कारखान्यात तेव्हापासूनचा आहे.

वॉम्सली पुढे बाजूला झाले. १९३५ मध्ये जॅग्वार हे नाव पहिल्यांदा गाडीवर आलं. लंडनच्या एका हॉटेलात पाहुण्यांना गाडी दाखवून किंमत ओळखायला सांगितली. अंदाज गेले सहाशे पौंडांच्या पुढे. खरी किंमत होती चारशेच्याही आत! लायन्सचा मंत्र इथे पूर्ण होतो: गाडी दिसायला हवी श्रीमंताची आणि किंमत हवी आवाक्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर एसएस ही अक्षरं नाझींची आठवण करून द्यायची, म्हणून १९४५ मध्ये कंपनीचंच नाव जॅग्वार झालं.

गाडीचं रूप ठरवायची लायन्सची पद्धतही वेगळी. कागदावरच्या आराखड्यावर त्यांचा भरवसा नसे. कारागिरांकडून खऱ्या आकाराचा नमुना बनवून घ्यायचा, तो स्वतःच्या घरासमोर मोकळ्या उजेडात उभा करायचा आणि चारी बाजूंनी फिरून बघायचं. इथे थोडं कमी करा, तिथे थोडं वर घ्या. मन भरेपर्यंत हेच.

मग आलं १९५५. ल माँची २४ तासांची शर्यत तोवर जॅग्वारने दोनदा जिंकली होती. त्या जूनमध्ये शर्यतीला निघालेला त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन फ्रान्समध्ये मोटार अपघातात गेला. वय पंचविशीचं. त्याच शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून जास्त माणसं मेली. शर्यत जिंकली जॅग्वारनेच. विजयाचा आनंद करावा असं त्यात काही उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी लायन्सना सर ही पदवी मिळाली. १९५७ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली. तरी काम थांबलं नाही.

आता वळू या त्या सीलकडे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत ताकद पोचवणारी गिअरची पेटी म्हणजे डिफरन्शियल. जॅग्वारच्या मागच्या चाकांसाठी नवी, दोन्ही चाकं स्वतंत्रपणे खाली-वर होतील अशी रचना हवी होती. ते काम बॉब नाइट या इंजिनीअरकडे गेलं. लायन्सनी पाच पौंडांची पैज लावली, महिन्याभरात होणार नाही म्हणून आणि नाइटनी २७ दिवसांत करून दाखवलं, असं जॅग्वारवाले आजही सांगतात.

रचना हुशारीची होती. ब्रेकच्या डिस्क चाकापाशी न ठेवता आत, डिफरन्शियलला खेटून बसवल्या. चाकासोबत उसळणारं वजन कमी झालं, गाडी खड्ड्यांवरूनही मऊ चालायला लागली. सगळा संच एका पोलादी चौकटीत बसवून रबरी माउंटिंगवर टांगला, त्यामुळे आवाजही कमी. १५ मार्च १९६१ ला जिनिव्हात ई-टाइप लोकांसमोर आली. आकार माल्कम सेयर यांचा, विमानाच्या क्षेत्रातून आलेल्या माणसाचा. किंमत साधारण २,१०० पौंड, म्हणजे तेव्हाच्या ॲस्टन मार्टिनच्या निम्म्याच्या आसपास. पुढे ७० हजारांहून जास्त ई-टाइप बनल्या.

पण फुकट काहीच मिळत नाही. ब्रेक दाबला की डिस्क तापते. शेजारीच डिफरन्शियलचं सील. वर्षानुवर्षं ही धग खाऊन रबर कडक होतं, त्याची पकड जाते आणि गिअर ऑइल झिरपून थेट ब्रेकवर येतं. म्हणजे प्रश्न फक्त फरशीच्या डागाचा नाही. तेल लागलेला ब्रेक नीट धरत नाही, गाडी एका बाजूला ओढते. जिवाशी खेळ.

चांगला मेकॅनिक म्हणून घाई करत नाही. आधी तेल ओळखायचं. गिअर ऑइल जाडसर असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक फ्लुइड पातळ असतं. मग डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारी छोटी नळी, तुंबलीय का ते बघायचं. ती तुंबली तर तापलेल्या पेटीत दाब वाढतो आणि नवं सीलही गळतं. त्यानंतर गाडी भक्कम स्टँडवर घ्यायची, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल सोडायची आणि अख्खी चौकट जॅकवर हळूच खाली उतरवायची. डिस्कपाशी पातळ चकत्या असतात. कोणती कुठली, हे लिहून ठेवायचं, नाहीतर जोडताना पंचाईत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाफ्टवरून नख फिरवून बघायचं. जुन्या सीलने तिथे चर पाडला असेल, तर नवं सीलही त्याच चरातून गळणार. मग शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवायची. सीलची कड तेलाच्या बाजूला ठेवून, कडेला थोडं तेल लावून, ते अगदी सरळ बसवायचं. तेल प्यायलेले ब्रेक पॅड पुसून परत लावायचे नाहीत, नवेच घालायचे.

लायन्सच्या कंपनीचं पुढे काय झालं? गाड्यांच्या बॉडी पुरवणारी कंपनी १९६५ मध्ये बीएमसी या मोठ्या कंपनीच्या हातात गेली आणि जॅग्वारची नाडीच दुसऱ्याकडे गेली. धंदा सांभाळायला मुलगा उरला नव्हता. १९६६ मध्ये लायन्सनी जॅग्वार बीएमसीत विलीन केली. १९६८ ची एक्सजे-सिक्स ही त्यांच्या नजरेखालून गेलेली शेवटची मोठी गाडी. मागची रचना तीच, आत बसवलेल्या ब्रेकची. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले आणि ८ फेब्रुवारी १९८५ ला, ८३ व्या वर्षी गेले. २००८ मध्ये जॅग्वार टाटा मोटर्सने घेतली आणि कॉव्हेंट्रीच्या या गोष्टीचं एक टोक मुंबईला येऊन टेकलं.

लायन्स चुकले का? लाखो किलोमीटर मऊ चाललेल्या त्या गाड्या बघितल्या की तसं म्हणवत नाही. रूप, आराम आणि किंमत हे तिन्ही त्यांनी साधलं, चौथी गोष्ट, दुरुस्तीची सोय, मागे पडली. तिचं बिल गाडीखाली आडवं पडून काम करणाऱ्याच्या वाट्याला आलं. उद्या तुम्ही काही डिझाइन कराल, ॲप असो की पूल, तेव्हा त्या खाली पडलेल्या माणसालाही एकदा नजरेसमोर आणा.

काम झालं की मेकॅनिक गाडीची चक्कर मारून आणतो आणि रात्री डिफरन्शियलखाली एक स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवतो. सकाळी पुठ्ठा कोरडा निघाला, की मगच तो उभा राहून गाडीकडे समोरून बघतो.