साडीतली मरियामाता रंगवणारा चित्रकार



दर सप्टेंबरला आपण हरेगावच्या मतमाउलीला जातो. नवस बोलतो, मेणबत्ती लावतो, मनातले सगळे तिला सांगतो. ती आपल्याला घरच्या आईसारखीच वाटते. पण चित्रकाराने तिला खरोखरच आपल्या घरच्या आईसारखी रंगवली तर आपल्याला चालेल का? या प्रश्नापायी एका भाविक कॅथलिक चित्रकाराला आपले गाव सोडावे लागले. त्यांचे नाव आंजेलो द फोन्सेका. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

आंजेलो यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव या बेटावरच्या गावी, एका सधन घराण्यात झाला. डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले, पण मन रमले नाही. ते शिक्षण सोडून ते जे. जे. कलाशाळेत गेले. तिथल्या पाश्चात्य वळणाच्या शिक्षणानेही त्यांचे समाधान होईना. मग त्यांनी थेट बंगाल गाठला. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडून त्यांनी भारतीय पद्धतीची चित्रकला आत्मसात केली. पातळ जलरंगांचे थरावर थर देऊन चित्र उजळवण्याची ती पद्धत पुढे त्यांची स्वतःची झाली.

१९३० च्या सुमारास ते गोव्याला परतले आणि पवित्र मरियेला साडीत रंगवू लागले. तिचा चेहरा आपल्याकडच्या बाईचा होता. बाळ येशू आपल्या घरातल्या बाळासारखा होता. अनेकांना हे रुचले नाही. पोर्तुगीज अमलातल्या त्या समाजाला युरोपीय रूपातल्या मरियेची सवय होती. टीका इतकी झाली की आंजेलो यांनी गोवा सोडला.

त्यांना आसरा मिळाला पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. या आश्रमाचे मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्यांनी १९२२ साली अहमदनगरात हा सेवासंघ सुरू केला होता. पंथापंथांत भिंती असण्याचा तो काळ. तरीही एक कॅथलिक चित्रकार अँग्लिकन बांधवांमध्ये राहिला आणि आपल्या श्रद्धेला धरून चित्रे काढत राहिला. मुंबईचे येशूसंघीय फादर हेरास यांनीही त्यांना उत्तेजन दिले.

१९५१ मध्ये त्यांचा विवाह आयव्ही यांच्याशी झाला. पुढे अनेक चित्रांत मरियेला आयव्ही यांचा चेहरा लाभला.

आंजेलो यांची भूमिका साधी होती. इटलीच्या चित्रकारांनी मरियेला इटलीची केली, हॉलंडच्या चित्रकारांनी हॉलंडची. त्यात कुणाला वावगे वाटले नाही. मग भारतीय माणसाने तिला आपल्या मातीत का पाहू नये? देव सर्वांसाठी माणूस झाला, तर तो आपल्याही घरी जन्मला, हीच त्यांच्या चित्रांमागची श्रद्धा होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सर्व देशांच्या कलेला चर्चमध्ये मानाचे स्थान दिले. आंजेलो हे काम तीस वर्षे आधीपासून करत होते. १९६७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या गोव्याने त्यांना दूर केले, त्याच गोव्यात, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, आज त्यांची शेकडो चित्रे जपून ठेवली आहेत. पण हा मान पाहायला ते हयात नव्हते.

आपण यातून काय घ्यावे? येत्या नाताळात धर्मशिक्षण वर्गातल्या एखाद्या मुलीने गव्हाणीचे चित्र काढले आणि मरियेला आजीसारखे नऊवारी नेसवले, योसेफबाबांना पागोटे घातले, तर तिला हसू नये आणि चूक झाली असेही म्हणू नये. ते चित्र घरच्या वेदीजवळ लावावे. त्या लेकराला प्रभू आपल्या घरात दिसला आहे.