कै. दादासाहेब खापर्डे : एका विश्वस्ताची कसोटी

वऱ्हाडातील जुन्या मंडळींच्या बैठकीत कै. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचे नाव निघाले की त्यांच्या थाटामाटाच्या, विनोदी वक्तृत्वाच्या आणि लोकमान्य टिळकांशी असलेल्या स्नेहाच्या गोष्टी रंगत असत. ‘वऱ्हाडचे नबाब’ हे त्यांचे टोपणनाव सर्वश्रुत आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्यांच्या चरित्रातील एका निराळ्या प्रकरणाचे स्मरण करून देण्याचा हेतू आहे. ज्या घरात जमीनजुमला आहे आणि वारसाचा प्रश्न आहे, अशा प्रत्येक घराला ते उपयोगी पडण्यासारखे आहे.

दादासाहेबांचा जन्म 27 ऑगस्ट 1854 रोजी वऱ्हाडात इंग्रोळी येथे झाला. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते 1877 साली बी. ए. व 1884 साली एलएल. बी. झाले. पुढे काही वर्षे त्यांनी वऱ्हाडात एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनरच्या हुद्द्यावर सरकारी नोकरी केली. परंतु ती सोडून 1890 च्या सुमारास त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली. थोड्याच काळात वऱ्हाडातील अग्रगण्य वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. पैसा पुष्कळ मिळाला आणि तो त्यांनी मुक्तहस्ते खर्चही केला. 1897 च्या डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्षपदाचा मान त्यांचा होता.

त्याच वर्षी एक मोठी जबाबदारी त्यांच्या शिरावर आली. पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार श्री बाबा महाराज पंडित हे 7 ऑगस्ट 1897 रोजी पटकीच्या विकाराने वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मृत्युपत्र करून आपल्या इस्टेटीवर पाच विश्वस्त नेमले. त्यांत टिळक होते व दादासाहेबही होते. बाबा महाराजांच्या पत्नी सकवारबाई उर्फ ताई महाराज त्या वेळी गरोदर होत्या. पुत्र झाला नाही अथवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रात तजवीज होती. 1898 च्या आरंभी पुत्र झाला, पण तो थोड्याच दिवसांत निवर्तला.

इस्टेट कर्जात होती. विश्वस्तांनी खर्चास आळा घातला आणि तो तरुण विधवेस जाचू लागला. येथे ताई महाराजांनाच दोष देणे न्याय्य होणार नाही. पती गेलेला, मूल गेलेले, घरच्या कारभारावर परक्यांची सत्ता आणि भोवती निरनिराळे सल्ला देणारी माणसे, अशी त्यांची स्थिती होती. 1901 च्या जून महिन्यात ताई महाराजांसह मंडळी औरंगाबादेस गेली. दादासाहेबही तेथे हजर होते. पंडित घराण्याच्याच तेथील शाखेतील जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला. परंतु पुण्यास परतल्यावर ताई महाराजांनी तो दत्तविधान झालाच नाही असे म्हटले, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राबद्दलचा कोर्टाचा दाखला, रद्द व्हावा म्हणून अर्ज केला आणि ऑगस्टात कोल्हापूरकडील बाळा महाराज यांस दत्तक घेतले.

दत्तकाचा कायदा पाहणारास ठाऊक आहे की, देणाराने मुलगा प्रत्यक्ष देणे व घेणाराने तो प्रत्यक्ष घेणे हा दत्तविधानाचा प्राण होय. तेव्हा सारा वाद औरंगाबादेस त्या दिवशी काय घडले या एकाच मुद्द्यावर येऊन ठेपला. स्वतः दादासाहेब हे त्या घटनेचे साक्षीदार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी तपासणाऱ्या वकिलाच्या स्वतःच्या शब्दाची आता कसोटी लागली.

पुण्याच्या डिस्ट्रिक्ट जज्जांनी 1902 साली प्रोबेट रद्द केले. हायकोर्टाने त्याच वर्षी तो निकाल फिरविला. टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला होऊन 1903 साली त्यांस शिक्षा झाली; 4 मार्च 1904 रोजी हायकोर्टाने त्यांना दोषमुक्त केले. दिवाणी दाव्यात 1906 साली पुण्याच्या कोर्टाने जगन्नाथाचे दत्तविधान खरे ठरविले. 1910 साली मुंबई हायकोर्टाने तेही उलटविले आणि औरंगाबादची हकीकत सांगणाऱ्यांची साक्ष अविश्वसनीय मानली. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांच्या राजद्रोहाच्या शिक्षेसंबंधी खटपट करण्यासाठी दादासाहेब 1908 सालीच विलायतेस गेले होते आणि आपली चालती वकिली त्यांनी त्यापायी मागे टाकली होती. अखेर 26 मार्च 1915 रोजी प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तविधान कायम केले आणि टिळक, खापर्डे यांच्या साक्षीवरील कलंक धुऊन काढला. मृत्युपत्रापासून या निकालापर्यंत सुमारे अठरा वर्षे लोटली होती.

या विश्वस्तपणात दादासाहेबांना मिळाले काय? द्रव्य नव्हे, मनस्ताप आणि काही काळ बदनामी. तरी मरणाऱ्यास दिलेला शब्द त्यांनी टाकला नाही. पुढे ते कौन्सिल ऑफ स्टेटचे सभासद झाले. शिर्डीस श्री साईबाबांच्या सहवासातही ते बरेच दिवस राहिले होते. 1 जुलै 1938 रोजी त्यांनी देह ठेवला.

आता कायदा पालटला आहे. 1956 च्या कायद्याने हिंदू विधवेस स्वतःच्या अधिकाराने दत्तक घेता येतो आणि 2005 पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. परंतु माणसाचा स्वभाव कायद्याने पालटत नाही. तिवसा येथे शिक्षकी करीत असताना माझ्या हाताखाली शिकलेले दोन सख्खे भाऊ मी पाहिले आहेत. वडील लेखी काही न ठेवता गेले. वाटणीचा दावा अमरावतीच्या कोर्टात चालू राहिला आणि इकडे ओलिताच्या तंट्यात संत्र्याची बाग वाळून गेली. दोघेही एकाच बाकावर बसणारे. आज एकमेकांच्या लग्नकार्यास जात नाहीत.

म्हणून ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती की, मृत्युपत्र शेवटच्या दुखण्याची वाट न पाहता धडधाकट असताना करावे, चांगले साक्षीदार घालावे आणि घरातील स्त्रियांस त्यातील मजकूर आधी समजावून सांगावा. आणि कोणी आपल्याला विश्वस्त नेमले, तर तो मान नसून ओझे आहे हे जाणून, दादासाहेबांप्रमाणे शेवटपर्यंत वाहण्याची तयारी असेल तरच ते पत्करावे.