लाकडातून साखर काढणारे बर्गियस

दगडी कोळशापासून तेल मिळविणारे शास्त्रज्ञ म्हणून फ्रीडरिश बर्गियस यांचे नाव घेतले जाते. १९३१ मध्ये कार्ल बॉश यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही उच्च दाबाखालील रसायनक्रियांच्या संशोधनासाठी. मात्र आयुष्याची अनेक वर्षे आणि बराचसा पैसा त्यांनी खर्ची घातला तो लाकडापासून साखर मिळविण्यासाठी.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८४ रोजी ब्रेस्लाऊ, म्हणजे सध्याच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ शहराजवळ झाला. वडिलांचा रसायनांचा कारखाना असल्याने प्रयोगशाळा आणि कारखाना यांतील अंतर त्यांना लहानपणापासून ठाऊक असावे. लाइपझिग येथे १९०७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

पहिल्या महायुद्धातील नाकेबंदीने जर्मनीत अन्नाची आणि चाऱ्याची टंचाई निर्माण केली. जंगले मात्र उभी होती. लाकडाचा निम्म्याच्या आसपास भाग सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. यीस्टला ही साखळी तोडता येत नाही. ग्लुकोज सुटे करून दिले तरच ते आंबवून त्याचे अल्कोहोल करते. अतितीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ही साखळी जवळजवळ पूर्णपणे तुटते, हे विलश्टेटर आणि झेखमायस्टर यांनी १९१३ मध्ये दाखविले होते. ते कारखान्यात उतरविण्याचे काम बर्गियस यांनी हाती घेतले.

सुमारे ४० टक्के तीव्रतेचे आम्ल साध्या तापमानातच काम करीत असल्याने साखर करपत नसे. लिग्निन तेवढे घनरूपात मागे उरे. हाती आलेली साखर आखूड साखळ्यांच्या स्वरूपात असल्याने ती सौम्य आम्लात पुन्हा उकळावी लागे. लाकडातील झायलोजसारख्या शर्करांना दारूचे यीस्ट शिवत नाही. टोरुला यीस्ट मात्र त्यांवर पोसते आणि ते जनावरांना खाद्य म्हणून चालते.

खरी अडचण आम्लाचीच होती. ते धातूची यंत्रे खाई आणि परत मिळविल्याशिवाय हिशेब जुळत नसे. १९२५ मध्ये कोळशाच्या पेटंटचे हक्क विकून मिळालेला पैसाही या कामात आटला. तिसाव्या दशकात मॅनहाइमजवळील राइनाऊ येथे कारखाना चालला, तो नाझी राजवटीच्या स्वयंपूर्णतेच्या धोरणामुळे. खुल्या बाजारात तो टिकला असता असे वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्याच काळात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू एक बुरशी कुरतडत होती. सेल्युलोज तोडणारी विकरे आज प्रामुख्याने तिच्याच कुळातून मिळतात आणि त्यांना तीव्र आम्ल लागत नाही. बर्गियस यांना हे पाहायला मिळाले नाही. युद्धानंतर जर्मनी सोडून ते अर्जेंटिनात सरकारचे सल्लागार म्हणून गेले आणि ३० मार्च १९४९ रोजी ब्युनोस आयर्स येथे त्यांचे निधन झाले.